एसीसी बास्केटबॉल २०२४: स्टेट, ड्यूक, कॅरोलिना आणि वॉशिंग्टनचे पाच दिवस (शीर्षक बदललंय)

केरीकर | १३ मार्च २०२४

कॉलेज बास्केटबॉलचा धागा इथे दर मार्चमध्ये कोणीतरी काढतं आणि तो दहा प्रतिसादांत आटपतो, यंदा मी काढतोय, बघू कुठवर जातो ते.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एसीसी म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, १९५३ साली ग्रीन्सबरोला सुरू झालेली, सध्या १५ कॉलेजं आहेत. प्रत्येक टीम डिसेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत आपसात वीस गेम खेळते, मग मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांची बाद फेरीची टूर्नामेंट. यंदा ती वॉशिंग्टनला आहे, कॅपिटल वन अरीनामध्ये. आणि ही टूर्नामेंट जो जिंकतो त्याला राष्ट्रीय स्पर्धेचं, म्हणजे एनसीएएचं तिकीट आपोआप मिळतं. बाकीच्यांनी कमिटीच्या मर्जीवर बसायचं.

आमच्या भागात तीन कॉलेजं एकमेकांच्या उरावर बसलेली आहेत. रॉलीला एनसी स्टेट, डरमला ड्यूक, चॅपल हिलला यूएनसी ज्याला सगळे नुसतं कॅरोलिना म्हणतात. एकाकडून दुसरीकडे गाडीने अर्धा-पाऊण तास. ऑफिसमध्ये, देवळात, मुलांच्या शाळेत, सगळीकडे हे तीन रंग. मी स्टेटचा, तिथेच एमएस केलं, त्यामुळे लाल रंग आणि त्यासोबत येणारं दुःख हे दोन्ही डिग्रीबरोबरच मिळालं.

यंदाचा हिशोब (आधी जिंकलेले, मग हरलेले): कॅरोलिना १७-३, टेबलात पहिली. ड्यूक १५-५, दुसरी. आम्ही ९-११, दहावे. सगळे गेम धरून १७-१४. शेवटचे चार गेम ओळीने हरलो, त्यातला एक कॅरोलिनाकडून आणि एक ड्यूककडून घरच्या मैदानात. कोच केव्हिन कीट्सला काढा म्हणून लोक बोंबलतायत.

आता गंमत अशी की पहिल्या चार टीम थेट गुरुवारी क्वार्टरफायनलला उतरतात, ५ ते ९ नंबरवाले बुधवारी, आणि १० ते १५ वाले मंगळवारपासून. म्हणजे आम्हाला ट्रॉफी हवी तर मंगळ-बुध-गुरु-शुक्र-शनि, पाच दिवसांत पाच. एसीसीत आजवर कोणीही केलेलं नाही. काल पहिला झाला, लुईव्हिलला ९४-८५ ने हरवलं. फार उड्या मारण्यासारखं नाही, लुईव्हिलने या सीझनमध्ये आठ जिंकल्या आणि चोवीस हरल्या. आज सिरॅक्यूज.

दुसरा_डाव | १३ मार्च २०२४

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. वीस मॅच खेळून जी टीम पहिली आली तिला चॅम्पियन म्हणून मोकळं का होत नाहीत? परत सगळ्यांना, अगदी शेवटच्या नंबरालासुद्धा घेऊन टूर्नामेंट कशाला?

तिरकस | १३ मार्च २०२४

तिकिटं विकायला. पुढचा प्रश्न?

मधुरा_चॅपलहिल | १३ मार्च २०२४

दुसरा_डाव यांना पूर्ण अनुमोदन. माझी मुलगी कॅरोलिनात तिसऱ्या वर्षाला आहे त्यामुळे मी निःपक्षपाती वगैरे नाही हे आधीच सांगते, पण सतरा जिंकून तीन हरणारी टीम आणि नऊ जिंकणारी टीम शनिवारी एकाच पायरीवर उभी राहू शकते हे काही मला पटत नाही. आरजे डेव्हिस एसीसीचा प्लेअर ऑफ द इयर आहे, वर्षभर त्याने जे केलं त्याचं काय?

आणि केरीकर, स्टेट आज जाईल घरी, काळजी नको.

नागपाडा_बॉईज | १३ मार्च २०२४

मुंबईहून हजेरी. नागपाड्याच्या कोर्टावर वाढलेल्या माणसाला हा धागा टाळणं शक्यच नाही 😀

स्टेटच्या टीममध्ये एक प्राणी आहे तो बघा सगळ्यांनी, डीजे बर्न्स. सहा फूट नऊ इंच, पावणेतीनशे पौंड म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास, डावखुरा. आजकाल सगळे उंच पोरं थ्री पॉइंटर (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) मारत बाहेर फिरतात, हा माणूस बास्केटकडे पाठ करून उभा राहतो, ढुंगणाने डिफेंडरला मागे ढकलत नेतो आणि मग एवढा जड माणूस जो काय हलका गिरकी घेतो आणि डाव्या हाताने अलगद सोडतो... जुनी कला आहे ही, आमचे सर शिकवायचे. डबल टीम केलं, म्हणजे दोघांनी मिळून अडवलं, तर पास पण काढतो. बाकी दम किती टिकेल माहीत नाही, पाच दिवस ओळीने त्या वजनाला.

केरीकर | १४ मार्च २०२४

सिरॅक्यूज ६५, स्टेट ८३. मधुरा ताई नमस्कार.

दरम्यान लुईव्हिलने आपल्या कोचला, केनी पेनला, नारळ दिला. आणि क्लेम्सन, जी यंदा चांगली टीम आहे, ती बॉस्टन कॉलेजकडून ७६-५५ ने हरून बसली. बॉस्टन कॉलेज! म्हणजे वीस मॅचेसचा काही भरवसा नाही बघा दुसरा_डाव.

आज रात्री ड्यूक. दहा दिवसांपूर्वीच आमच्याच मैदानात येऊन त्यांनी आम्हाला पंधराने धुतलंय, त्यामुळे आज झोप लवकर.

डरमवाला | १४ मार्च २०२४

ड्यूकवाले इथे मी एकटाच दिसतोय. असू द्या. ड्यूकचा तिरस्कार करणं हा या देशातला राष्ट्रीय छंद आहे, सवय झालीये. आज फिलिपाउस्की आणि मकेन यांच्यापुढे तुमच्या बर्न्सची गिरकी चालणार नाही, शिवाय आमचे ताजेतवाने आहेत, तुमचा तिसरा दिवस.

जुना_रॉलीकर | १४ मार्च २०२४

मी इथे फार लिहीत नाही पण विषय निघाला म्हणून. वर एकाने विचारलंय की पहिल्या नंबरालाच चॅम्पियन का म्हणत नाही. अहो एसीसीच्या नियमाप्रमाणे कॉन्फरन्सचा अधिकृत चॅम्पियन तोच जो टूर्नामेंट जिंकतो. सुरुवातीपासून ती पद्धत पाळली. पहिली टूर्नामेंट १९५४ ला, ती पण रॉलीत, स्टेटच्या रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये, आणि ओव्हरटाइममध्ये (बरोबरी झाल्यावरचा जादा वेळ) वेक फॉरेस्टला ८२-८० ने हरवून स्टेटच जिंकलं. कोच एव्हरेट केस. मॅच जिंकल्यावर शिडी लावून बास्केटची जाळी कापायची प्रथा कॉलेज बास्केटबॉलमध्ये आणली ती याच माणसाने, आणि टूर्नामेंटच्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस त्याच्याच नावाने देतात.

मी १९७३ च्या ऑगस्टमध्ये इचलकरंजीहून टेक्स्टाइलमध्ये एमएस करायला स्टेटला आलो. बास्केटबॉल म्हणजे काय हे शाळेत पीटीच्या तासाला पाहिलं होतं तेवढंच. आणि नशीब बघा, आलो तेव्हा कोणती टीम होती, डेव्हिड थॉम्पसन, मॉन्टी टो, टॉम बर्लसन. टो पाच फूट सात इंच आणि बर्लसन सात फुटांच्या वर, दोघं शेजारी उभे राहिले की लोक हसायचे. त्या काळात कॉलेजमध्ये डंक मारायला, म्हणजे उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबायला, बंदी होती, १९६७ ते ७६ पर्यंत. त्यामुळे थॉम्पसन टोने वर फेकलेला बॉल हवेत रिंगच्याही वर पकडायचा आणि डंक न मारता तिथूनच हळूच आत सोडायचा. ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल.

१९७४ ची फायनल ग्रीन्सबरोला झाली, स्टेट विरुद्ध मेरीलँड. स्टेट देशात एक नंबर, मेरीलँड चार नंबर. त्या वेळी नियम असा होता की कॉन्फरन्समधून एकच टीम एनसीएएला जाणार, म्हणजे जो हरला त्याचं वर्ष तिथेच संपलं. ओव्हरटाइममध्ये १०३-१०० ने स्टेट जिंकलं, बर्लसनने ३८ पॉइंट केले. तेव्हा ना थ्री पॉइंटर होता ना शॉट क्लॉक (ठरावीक सेकंदांत शॉट घ्यायलाच लावणारं घड्याळ) आणि तरी दोन्ही टीम शंभरावर. मेरीलँडचा कोच लेफ्टी ड्रिझेल नंतर स्टेटच्या बसमध्ये चढला आणि पोरांना म्हणाला की आता पुढे जाऊन सगळं जिंकून या. आणि ते आले जिंकून, यूसीएलएची सलग सात विजेतेपदांची रांग त्यांनी सेमीफायनलला दोन ओव्हरटाइम खेळून मोडली.

मेरीलँडसारखी टीम घरी बसते हे लोकांना इतकं लागलं की पुढच्या वर्षापासून एनसीएएने ३२ टीम घ्यायला सुरुवात केली आणि एका कॉन्फरन्समधून एकाहून जास्त टीम जाऊ लागल्या. आज कॅरोलिना शनिवारी हरली तरी राष्ट्रीय स्पर्धेत जाणारच आहे, ती सोय त्या मॅचने झाली.

दुसरा_डाव | १४ मार्च २०२४

काका, _/\_ अजून लिहा, प्लीज. डंकवर बंदी होती हे वाचून उडालो.

नागपाडा_बॉईज | १४ मार्च २०२४

काका तुम्ही थॉम्पसनला प्रत्यक्ष पाहिलंय?? आम्ही यूट्यूबवरच्या धुरकट क्लिपा बघून समाधान मानतो. जॉर्डन त्याला आदर्श मानायचा.

डरमवाला | १५ मार्च २०२४

७४-६९. काही बोलायचं नाहीये.

तिरकस | १५ मार्च २०२४

आमचे ताजेतवाने आहेत, तुमचा तिसरा दिवस 🍿

मधुरा_चॅपलहिल | १५ मार्च २०२४

ड्यूकला कोणीही हरवलं तरी आमच्या घरी गोड होतं. आज स्टेटला माफ.

केरीकर | १५ मार्च २०२४

काल रात्री हिल्सबरो स्ट्रीटवर पोरं उतरली होती आणि बेलटॉवर लाल. मोठं काही जिंकलं की टॉवरवर लाल दिवे लावतात.

एक गोष्ट लिहायची राहिली. मोहम्मद दियारा म्हणून आमचा एक रिबाउंडवाला (चुकलेल्या शॉटचा उडालेला बॉल पकडणारा) आहे, फ्रान्सचा. रमजान या सोमवारी सुरू झाला आणि पठ्ठ्या रोजे ठेवून खेळतोय. मॅचच्या आधी दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि मैदानात सगळ्यांच्या डोक्यावरून रिबाउंड ओढतोय.

आज व्हर्जिनिया. हे लोक इतकं सावकाश खेळतात की बघणाऱ्याला डुलकी लागते, तीस सेकंदांचा शॉट क्लॉक शेवटच्या थेंबापर्यंत पिळतात, त्यांच्याविरुद्ध साठ पॉइंट झाले तरी पुष्कळ. आमचा केसी मॉर्सेल आधी व्हर्जिनियातच होता, आणि मूळचा वॉशिंग्टनचा. म्हणजे गावात येऊन जुन्या टीमविरुद्ध.

दुसरा_डाव | १५ मार्च २०२४

आधी व्हर्जिनियात होता म्हणजे? कॉलेज बदललं?

केरीकर | १५ मार्च २०२४

आता सगळेच बदलतात. ट्रान्सफर पोर्टल म्हणून प्रकार आहे, नाव टाकायचं, ज्याला हवा तो उचलतो, पूर्वीसारखं एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही. आमची टीमच बघा ना, बर्न्स विनथ्रॉपहून, ओकॉनेल स्टॅनफर्डहून, हॉर्न अ‍ॅरिझोना स्टेटहून (पण पोरगा मूळ रॉलीचाच), दियारा मिझुरीहून, टेलर बटलरहून, मिडलब्रुक्स क्लेम्सनहून. वर जाहिरातींचे पैसे पण आता खेळाडूंना घेता येतात. काकांच्या वेळी पोरगा चार वर्षं एका कॉलेजात राहायचा, लोकांना तोंडपाठ व्हायचा. आता दर नोव्हेंबरला नवीन नावं पाठ करायची. मला स्वतःला हे अजिबात आवडत नाही पण याच भरतीवर आपण या आठवड्यात जिंकतोय म्हणून तूर्तास तोंड बंद.

नागपाडा_बॉईज | १६ मार्च २०२४

कोणी पाहिलं का??? इथे सकाळ होती, चहा गार झाला माझा. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो.

व्हर्जिनिया ५८-५५ ने पुढे. पाच-सहा सेकंद उरलेत. व्हर्जिनियाचा मकनीली फ्री थ्रोला (फाऊलबद्दल मिळणारा, एका पॉइंटचा मोकळा शॉट) उभा. आता इथे कॉलेजचा एक नियम आहे जो आपल्याकडे नाही, वन अँड वन. एका हाफमध्ये समोरच्याचे सात फाऊल झाले की पहिला फ्री थ्रो आत गेला तरच दुसरा मिळतो, पहिला चुकला की बॉल खेळात. दहा फाऊल झाल्यावर मग सरळ दोन मिळतात. तर मकनीलीचा पहिलाच चुकला. एक जरी गेला असता तरी चारचा फरक, खेळ खल्लास. रिबाउंड स्टेटकडे, ओकॉनेल बॉल घेऊन सुटला, थ्री पॉइंट लाइनच्या बाहेरून धावता धावता फेकला, बॉल बोर्डवर आपटला आणि आत, घंटा. ५८-५८. बोर्डावरून! ठरवून मारला असं तो स्वतः म्हणाला तरी मी मानणार नाही.

ओव्हरटाइमला व्हर्जिनियाच्या अंगात त्राण नव्हतं. ७३-६५.

जुना_रॉलीकर | १६ मार्च २०२४

मी एवढंच म्हणेन की तीनची आघाडी आणि पाच सेकंद असताना समोरच्याला शॉट मारूच द्यायचा नसतो. त्याआधीच फाऊल करून दोन फ्री थ्रो द्यायचे, तीन होतच नाहीत. टोनी बेनेटसारख्या कोचला हे सांगायला नको. पण पळत्या माणसाला फाऊल करताना तो शॉटच्या अ‍ॅक्शनमध्ये असला तर तीन फ्री थ्रो, ती पण भीती. चालायचंच.

आज कॅरोलिना. शेवटची एसीसी ट्रॉफी आपण १९८७ ला घेतली ती यांनाच हरवून, ६८-६७. जिमी व्हॅल्व्हानो कोच, आणि व्हिनी डेल नेग्रोने शेवटच्या क्षणी फ्री थ्रो टाकले. त्यानंतर सदतीस वर्षं झाली. त्या वर्षी जन्मलेल्या मुलांना आता मुलं आहेत.

मधुरा_चॅपलहिल | १६ मार्च २०२४

काका तुमच्याबद्दल आदर आहे पण आज नाही. दोन्ही वेळा हरवलंय आम्ही स्टेटला या सीझनमध्ये, रॉलीतही आणि इथेही.

आणि माझा मूळ मुद्दा अजून कोणी खोडला नाहीये. नियमात लिहिलंय म्हणून चॅम्पियन, ठीक, पण नियम बरोबर आहे का? डिसेंबरपासून प्रवास करून, परीक्षा सांभाळून, लोकांच्या मैदानात शिव्या खात पोरांनी जे कमावलं ते बँक शॉटने वाहून जाणार?

कोथरूड_एक्सप्रेस | १६ मार्च २०२४

मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही पण हा धागा पुरुषोत्तमच्या वेळच्या भरत नाट्यमंदिरासारखा झालाय, स्टेजवर काय चाललंय यापेक्षा कोणत्या कॉलेजची पोरं कुठून ओरडतायत त्यातच मजा. चालू द्या.

केरीकर | १७ मार्च २०२४

८४-७६

८४-७६

८४-७६

घसा गेलाय, टाइप करून सांगतो. हॉर्नने २९ केले, रॉलीचं पोरगं, गावच्या टीमसाठी, कॅरोलिनाविरुद्ध. बर्न्सने २० आणि सात असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते असे पास), कॅरोलिनाच्या एकानेच अडवलं तर गिरकी आणि दोघं आले तर बाहेर पास आणि थ्री. कॅरोलिनाच्या बेकॉटसारखा अनुभवी माणूस अंगाला अंग लावून उभा होता तरी हा दोन पावलं मागे सरकवायचाच. एव्हरेट केस अवॉर्ड बर्न्सला. दहाव्या नंबरावरून एसीसी जिंकणारी पहिली टीम, पाच दिवसांत पाच जिंकणारी पण पहिली. असं याआधी मोठ्या कॉन्फरन्समध्ये यूकॉनने (कनेक्टिकट) २०११ ला बिग ईस्टमध्ये केलं होतं, केम्बा वॉकरच्या जिवावर, आणि ते पुढे जाऊन राष्ट्रीय चॅम्पियन झाले. मी काहीच म्हणत नाहीये.

कीट्सला महिन्याभरापूर्वी हाकलायला निघाले होते. एसीसी जिंकल्याने त्याचा करार आपोआप दोन वर्षांनी वाढला, तसं कलमच होतं म्हणे.

मधुरा_चॅपलहिल | १७ मार्च २०२४

अभिनंदन. मनापासून. लेक रात्री फोनवर रडली, मग म्हणाली आई बर्न्स भारी आहे गं.

पण मुद्द्यावर मी ठाम. आणि आता बघा, एनसीएएत तुम्ही जी जागा घेतलीत ती कोणाची तरी गेली. पिट्सबर्ग टेबलात चौथे होते आणि सेमीफायनलपर्यंत आले, त्यांना कमिटीने घेतलं नाही. तुम्ही ९-११ असून आत, ते बाहेर.

तिरकस | १७ मार्च २०२४

पिट्सबर्गने पण पाच जिंकायच्या ना मग, त्यांना तर तीनच जिंकायच्या होत्या.

डरमवाला | १८ मार्च २०२४

तिरकसशी सहमत व्हायची वेळ आली, कलियुग. पण खरंय. टूर्नामेंट सगळ्यांसाठी उघडी आहे आणि वरच्या चारांना दोन दिवस आराम मिळतो, वर्षभराच्या कष्टाचं फळ तेच. आम्हाला मिळाला होता तो फायदा, आम्ही मातीत घातला.

एसीसी यंदा कमजोर आहे असं टीव्हीवर सगळे म्हणतायत, पाचच टीम घेतल्या आपल्या. बघू.

केरीकर | ३१ मार्च २०२४

धागा वर काढतोय. गेल्या दोन आठवड्यांत ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, एनसीएएत ११ नंबरचं सीड (मानांकन) मिळालं आम्हाला, पिट्सबर्गला जाऊन टेक्सस टेकला ८०-६७, मग ओकलंडला ओव्हरटाइममध्ये ७९-७३ (हे तेच ओकलंड ज्यांच्या गोल्कीने दहा थ्री मारून केंटकीला घरी पाठवलं), मग डलासला मार्केट (Marquette) कॉलेजला ६७-५८, आणि आज एलिट एटला, म्हणजे शेवटच्या आठांत, परत ड्यूक. ७६-६४. बर्न्स २९. सलग नऊ विजय.

फायनल फोर, शेवटच्या चारांत!!! १९८३ नंतर पहिल्यांदा!!!

डरमवाला | ३१ मार्च २०२४

एकाच महिन्यात दोनदा. बास झालं आता.

बाय द वे कमजोर एसीसीच्या तीन टीम शेवटच्या आठात होत्या, ड्यूक, स्टेट, क्लेम्सन. टीव्हीवाल्यांना कोणीतरी सांगा. (व्हर्जिनियाचं नाव काढू नका, ४२ पॉइंट करून कोलोराडो स्टेटकडून पंचवीसने हरले.)

जुना_रॉलीकर | १ एप्रिल २०२४

१९८३ चा उल्लेख झाला म्हणून. तेव्हा पण एसीसी टूर्नामेंट जिंकली नसती तर एनसीएएला जायला मिळालं नसतं असंच सगळे मानत होते. अटलांटाला वेक फॉरेस्टशी ७१-७०, मग जॉर्डनच्या कॅरोलिनाला ओव्हरटाइममध्ये ९१-८४, मग राल्फ सॅम्पसनच्या व्हर्जिनियाला ८१-७८. आणि अल्बुकर्कीला ह्यूस्टनला ५४-५२, शेवटच्या सेकंदाला लोरेन्झो चार्ल्सने हवेतून आलेला चुकलेला शॉट पकडून डंक मारला. व्हॅल्व्हानो मिठी मारायला माणूस शोधत मैदानभर धावला तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल.

मधुराताई विचारतात नियम बरोबर आहे का. मला वाटतं वीस मॅचमधून कोण चांगलं ते कळतं, आणि टूर्नामेंटमधून कोणाला कधी हरवता येतं ते कळतं. दोन वेगळे प्रश्न आहेत, एसीसीने बक्षीस दुसऱ्या प्रश्नाला ठेवलंय इतकंच. कॅरोलिनाने रेग्युलर सीझन जिंकला हे कोणी पुसत नाही, त्यांच्या भिंतीवर ते लागणारच.

मधुरा_चॅपलहिल | १ एप्रिल २०२४

काका हे पटलं अर्ध. उरलेलं अर्ध आम्ही अलाबामाकडून ८९-८७ ने हरलोय त्या दुःखातून बाहेर आले की विचार करेन. आणि मुलींचं कोणीच लिहिलं नाही अजून! स्टेटची महिला टीम पण फायनल फोरमध्ये आहे, १९९८ नंतर पहिल्यांदा, तेव्हा केरीकर जरा तिकडेही बघा.

केरीकर | ७ एप्रिल २०२४

संपलं. काल परड्यूने ६३-५० ने हरवलं. सात फूट चार इंचाचा झॅक ईडी, २० पॉइंट आणि १२ रिबाउंड, बर्न्सला पहिल्यांदाच स्वतःपेक्षा मोठा माणूस भेटला. ओकॉनेलचा पाय पहिल्याच हाफमध्ये दुखावला आणि बॉल वर आणणारं कोणी उरलं नाही. आमच्या थ्री पॉइंटर्सबद्दल बोलायलाच नको. मुलीही शुक्रवारी साऊथ कॅरोलिनाकडून हरल्या, ७८-५९, पण त्या टीमने वर्षभरात एकही मॅच हरलेली नाही.

२६-१५ वर सीझन बंद. मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात अर्धे लोक मागच्या खोलीत टीव्हीपुढे होते आणि स्टेजवरच्या बाईंनी माइकवरून दोनदा सुनावलं.

नागपाडा_बॉईज | ७ एप्रिल २०२४

ईडीपुढे कोणाचंच काही चालत नाही. बर्न्सवर एनएफएलवाल्यांचा डोळा आहे असं वाचलं, फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकसमोर उभा करायला. मला तर पटतं, ते पाय बघा त्याचे.

दुसरा_डाव | २६ मार्च २०२५

वर्षभराने धागा वर काढतोय. यंदाच्या एसीसी टूर्नामेंटमध्ये स्टेट शोधत होतो, दिसलीच नाही. माझं काही चुकतंय का? गतविजेते ना?

केरीकर | २६ मार्च २०२५

जखमेवर मीठ आणलंत. चुकत नाहीये. यंदा एसीसीत स्टॅनफर्ड, कॅल आणि एसएमयू आले, एकूण अठरा झाल्या. (स्टॅनफर्ड पॅसिफिकच्या काठावर आहे, कॉन्फरन्स अटलांटिक कोस्ट, फुटबॉलच्या टीव्ही पैशांपुढे भूगोल कोण विचारतो.) आणि टूर्नामेंटला बोलावतात पंधराच. शेवटचे तीन बाहेर, मायामी, बॉस्टन कॉलेज आणि आम्ही. ५-१५. सगळे धरून १२-१९. चॅम्पियन टीमला पुढच्या वर्षी टूर्नामेंटचं दारसुद्धा उघडलं नाही. ड्यूक जिंकली शार्लटला, लुईव्हिलला ७३-६२ ने हरवून. हो तीच लुईव्हिल.

बर्न्स, हॉर्न, मॉर्सेल सगळ्यांची वर्षं संपली होती, बर्न्स कोरियाच्या लीगमध्ये गेला, आणि पोर्टलमधून जे आणले ते जुळलेच नाहीत. सीझन संपल्या संपल्या कीट्सला काढलं. आठ सीझन होता.

मधुरा_चॅपलहिल | २६ मार्च २०२५

बघा, म्हणजे आता तुम्हालाही वीस मॅचेसची किंमत आहे तर, त्यावरूनच बाहेर ठेवलं ना तुम्हाला 😀

पण कीट्सला काढणं मला तरी घाईचं वाटलं. सदतीस वर्षांनी ट्रॉफी आणून देणाऱ्याला एक वाईट वर्ष माफ नाही?

केरीकर | २६ मार्च २०२५

एक नाही हो ताई, २०२४ चे ते नऊ गेम बाजूला काढले तर ते वर्षही वाईटच होतं, तुम्हीच सांगत होतात ना. मला वाईट वाटलं, पण काढणं बरोबर होतं असंच म्हणेन. ट्रॉफीबद्दल त्याचं बॅनर वर लागलंय, ते कोणी उतरवणार नाही. नोकरी मात्र पुढच्या टीमसाठी असते.

डरमवाला | २६ मार्च २०२५

आणि आणलं कोणाला तर विल वेड. एलएसयूने २०२२ ला एनसीएएच्या आरोपपत्रानंतर ज्याला काढलं तोच. कोच म्हणून माणूस तयारीचा आहे यात वाद नाही, मकनीजसारख्या छोट्या कॉलेजला घेऊन आत्ताच क्लेम्सनला एनसीएएत हरवलं. पण स्टेटवाल्यांनो डोळे उघडे ठेवा.

जुना_रॉलीकर | २७ मार्च २०२५

मी यायच्या आधीच्याच सीझनला, १९७३ ला, स्टेटची टीम २७-० होती आणि तरी प्रोबेशनमुळे (नियम मोडल्याची शिक्षा) एनसीएएला बंदी. म्हणून मी तर वेडच्या बाबतीत वाट बघणारा आहे. लेनोव्हो सेंटरची (आमच्यासाठी ते अजून पीएनसीच) तिकिटं मात्र नातवासाठी घेणार, तो आठ वर्षांचा आहे आणि त्याला अजून ड्यूक आवडतं, हे काम आधी करायला हवं.

नागपाडा_बॉईज | २७ मार्च २०२५

पोर्टल सोमवारी उघडलंय ना, २२ एप्रिलपर्यंत आहे. वेडने मकनीजवरून कोणाला आणलं आणि कोण राहिलं हे कळलं की केरीकर यादी टाका इथे, मग बोलू.